भट्टी पेटवण्याआधी खिशात लोहचुंबक ठेवा

प्रश्न : मी एसटीच्या वर्कशॉपमधून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. राहायला कराडला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानसं वर्कशॉप केलंय. सुतारकामाच्या पटाश्या, रंध्याची पाती, बागेतले विळे स्वतः बनवायची हौस आहे. आजवर कोळशाच्या शेगडीवर तापवून पाणी देत होतो, पण दहातली चार पाती तडकायची नाहीतर मऊ निघायची. एका कॉलेजच्या भंगार लिलावात जुनी मफल भट्टी (विजेवर तापणारी, विटेच्या पोकळीची पेटी) मिळाली. आतली पोकळी ६ इंच रुंद, ६ इंच उंच, १२ इंच खोल. पाटीवर २३० व्होल्ट, ३ किलोवॅट, कमाल ११०० अंश असं लिहिलंय. कॉइल एका जागी तुटली होती. टोकं एकमेकांत पिळून जोडली, भट्टी लाल झाली, पण वीस मिनिटांत तोच जोड जळाला. काट्याचं मीटर आहे, भट्टी तापली की त्याचा काटा उलटा, शून्याच्या मागे जातो. दाराला पांढरी दोरी गुंडाळलेली आहे, ती झडते. ओळखीचा वायरमन म्हणतो, मीटरच्या दोन वायरी उलट करा आणि नवी कॉइल टाका, झालं काम. कॉइल कोणती आणि किती घेऊ?

उत्तर : वायरमनला चहा पाजा, पण मीटरच्या वायरींना हात लावू देऊ नका. कॉइलचा हिशेब पुढे देतो. आधी तो उलटा जाणारा काटा.

काटा उलटा जातोय हे तुमचं नशीब समजा. म्हणजे थर्मोकपल (भट्टीतलं तापमान टिपणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) आणि मीटर यांच्यात कुठेतरी एकदा उलट जोडणी झालीय, आणि ती डोळ्यांना दिसतेय. ती चूक मीटरपाशी असेल तर वायरी बदलून खरंच सुटेल. पण ती भट्टीच्या मागे, थर्मोकपलच्या डोक्यात (जिथे त्याला केबल जोडतात) असेल आणि तुम्ही मीटरपाशी वायरी फिरवल्यात, तर काटा सुलट चालेल, आकडे खरे वाटतील आणि भट्टी तुमच्याशी खोटं बोलायला लागेल. कारण मधली कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलपासून मीटरपर्यंतची खास तार, आता दोन्ही टोकांना उलट जोडलेली असते. थर्मोकपलचं डोकं आणि मीटर यांच्या तापमानात जेवढा फरक, त्याच्या दुप्पट अंशांनी मीटर कमी दाखवतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये लागून मला वर्षही झालं नव्हतं. थर्मोकपल बदललं आणि काटा उलटा गेला म्हणून मीच मोठ्या ऐटीत मीटरच्या वायरी फिरवल्या. सकाळी भट्टी सुरू करताना सगळं बरोबर दिसायचं. दुपारपर्यंत भट्टीचा मागचा पत्रा तापायचा, थर्मोकपलचं डोकं ७० अंशांवर जायचं, मीटर ३० अंशांच्या खोलीत. फरक ४०, दुप्पट ८०. मीटर म्हणायचं ८००, आत ८८०. ओएचएनएसचे, म्हणजे तेलात कडक करायच्या हत्यारी पोलादाचे, पंच होते. सकाळच्या पाळीचे उत्तम, दुपारच्या पाळीचे तडकलेले. आम्ही पोलादाला दोष दिला, तेलाला दिला, दुपारच्या पाळीच्या पोरालाही दिला. तीन आठवड्यांनी आमच्या जुन्या फोरमननी खिशातून लोहचुंबक काढून भट्टीच्या मागे धरलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून माझ्याही खिशात एक असतं.

तुमची भट्टी ११०० अंशांची आहे, म्हणजे थर्मोकपल बहुधा ‘के’ जातीचं, क्रोमेल-अ‍ॅल्युमेलचं असणार. या दोन तारांपैकी अ‍ॅल्युमेल लोहचुंबकाला ओढ दाखवते, क्रोमेल दाखवत नाही. अ‍ॅल्युमेल ती मायनस. हे गार असताना करा. डोक्याचं झाकण उघडा, मायनसची तार ओळखा, तिच्यावर तेलरंगाचा ठिपका द्या. मग केबलच्या तारा बघा. त्याही याच धातूंच्या असतील तर चुंबक तिथेही सांगेल. केबलमधली एक तार तांब्याची निघाली तर तांबं प्लस, दुसरी पांढुरकी तार मायनस. फक्त रंगावर जाऊ नका. अमेरिकन पद्धतीच्या केबलमध्ये पिवळी प्लस आणि लाल मायनस असते. आपल्याकडे लाल म्हणजे प्लस हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की निम्म्या चुका तिथेच होतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. आणि मधे साधी बिजलीची वायर जोडून लांबी वाढवलेली दिसली तर ती काढून टाका.

काट्याचं मीटर शोभेला भिंतीवर लावा. त्याच्या स्प्रिंगा, बेअरिंगा इतक्या वर्षांनी खऱ्या राहिल्या असतील यावर मी पैज लावणार नाही. त्याऐवजी साधा डिजिटल पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून वीज स्वतः कमी-जास्त करणारा) घ्या, सेटिंगमध्ये ‘के’ निवडा. शेजारी गोल बटणाचा सिमरस्टॅट (तापमान न बघता वीज चालू-बंद करत राहणारा) असेल तर तोही काढा.

आता पांढरी दोरी. ती झडतेय असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे यावर जरा थांबतो. त्या काळातल्या भट्ट्यांना दाराला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आणि पत्र्याच्या आत अ‍ॅस्बेस्टॉसचा पुठ्ठा सर्रास असायचा. आम्ही तो उघड्या हातांनी फाडायचो, दिवाळीच्या साफसफाईत झाडूने झाडायचो, उन्हाच्या तिरिपेत ते तंतू चमकताना बघायचो. आज तसं करणाऱ्याच्या हातातून मी झाडू हिसकावून घेईन. तुमची दोरी अ‍ॅस्बेस्टॉसचीच आहे असं धरून चाला. शेडमध्ये दुसरं कोणी, विशेषतः नातवंडं, नसताना काम करा. साबणाचं पाणी स्प्रेने मारून दोरी चिंब भिजवा, न ओरबाडता अख्खी उचला, एकात एक अशा दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालून तोंड बांधा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क चालणार नाही, बारीक धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क हवा. नंतर जागा ओल्या फडक्याने पुसा आणि तेही फडकं त्याच पिशवीत टाका. ही पिशवी घंटागाडीत जात नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा, घातक कचऱ्याची सोय तेच सांगतील. पत्र्यामागचा पुठ्ठा धड असेल तर त्याला हात लावू नका, पत्रा परत बसवा आणि तो तिथेच राहू द्या. दाराला नवी दोरी सिरॅमिक फायबरची लावा. तीही कापताना मास्क ठेवा, तिचा कूसही फुप्फुसाला चांगला नाही.

आता कॉइल. तुटलेल्या कॉइलला पीळ देऊन जोड लावला की तिथे नीट स्पर्श होत नाही, त्या जागी जास्त उष्णता होते आणि जोड जळतो. तुम्हाला वीस मिनिटं मिळाली म्हणजे पीळ चांगला दिला होता. वेल्डिंग करून जोडता येते, पण जुनी कॅन्थल (लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमची) तार एकदा तापून गार झाली की काचेसारखी ठिसूळ होते. एक टोक वाकवायला जाल आणि तीन जागी मोडेल. पूर्ण नवी टाका.

हिशेब असा. २३० व्होल्टवर ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, म्हणजे १७.६ ओहम. कॅन्थल ए-वनची १६ गेजची तार घेतलीत (जाडी १.६ मिलिमीटर) तर मीटरला साधारण ०.७ ओहम पडतात. म्हणून २५ मीटर तार, वजनाने जेमतेम पावणेचारशे ग्रॅम. दुकानदार १७ गेज देऊ करेल, ‘१९ मीटरमध्ये भागतं, स्वस्त पडेल’ म्हणेल. किलोवॅट तेवढेच भरतील हे खरं. पण तारेच्या अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १६ गेजमध्ये सव्वादोन-अडीच वॅटचा भार पडतो, १७ मध्ये साडेतीन. ११०० अंशांच्या भट्टीत साडेतीनचा भार म्हणजे तारेला रोज उपाशीपोटी डोंगर चढायला लावणं. चारशे रुपये वाचवून पुढच्या दिवाळीत परत कॉइल बदलायची असेल तर घ्या.

तार मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारा. इथे चुंबक पुन्हा खिशातून काढायचं. कॅन्थलला चुंबक चिकटतं, नायक्रोमला (निकेल-क्रोमियमच्या तारेला) चिकटत नाही. नायक्रोम वाईट नाही, जुनी होऊनही ती तितकी ठिसूळ होत नाही, पण ११०० अंशांच्या पोकळीसाठी ती तार आपल्या मर्यादेच्या फार जवळ जाते. शिवाय तिचा ओहम वेगळा. कॅन्थल समजून नायक्रोमची २५ मीटर लावलीत तर भट्टी १३ ऐवजी १७ अँपिअर ओढेल आणि तुम्ही आठवडाभर एमसीबीला शिव्या घालाल.

गुंडाळायला ८ मिलिमीटरचा सळईचा तुकडा लेथवर धरा. लेथ नसेल तर हॅंड ड्रिल उलट-सुलट चालणारं हवं, आणि तार पकडायला दुसरा माणूस. साधारण ८३० वेढे होतील, चिकटून गुंडाळल्यावर लांबी १.३५ मीटर. आधी विटेतल्या खाचांची एकूण लांबी सुतळीने मोजा. कॉइल तिच्या दुप्पट ते तिप्पट ताणायची असते, म्हणजे खाचांची लांबी पावणेतीन ते चार मीटरच्या आसपास असावी. सगळीकडे सारखं ताणा. जिथे वेढे दाट राहतील तिथे ती आधी जळेल. विटेतून बाहेर येणारी टोकं दुहेरी पिळा, म्हणजे ती गार राहतील. बाहेर स्टीलचे नटबोल्ट वापरा, पितळी कनेक्टर तिथे महिनाभरही टिकत नाही.

विटेला बारीक भेगा असतील तर तशाच राहू द्या. वीट तापते, फुगते, भेग पडते, गार झाली की मिटते. तुकडाच निघाला असेल तर हाय अ‍ॅल्युमिना सिमेंटने बसवा. साधं सिमेंट आणि काचेच्या पाण्याची लुकण, म्हणजे सोडियम सिलिकेट, कॉइलला लागेल अशा जागी वापरू नका, दोन्ही कॅन्थल खातात.

विजेचं काम स्वतः करू नका असं मी एसटीतल्या माणसाला सांगणार नाही, पण चार गोष्टी ऐका. उघड्या कॉइलवर २३० व्होल्ट असतात आणि तुमच्या हातात लोखंडी चिमटा. म्हणून दार उघडलं की वीज तुटेल असा दाराचा स्विच हवा, आणि तो फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरमार्फत (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचमार्फत). एकच तार तोडून भागत नाही. बॉडीला आणि दाराला वेगवेगळं अर्थिंग द्या, बिजागरीवर भरवसा नको. कंट्रोलरच्या हुकमाने कॉइलची वीज चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले ४० अँपिअरचा घ्या, हीटसिंकसकट, कारण १३ अँपिअरलाही तो पंधराएक वॅट उष्णता काढतो. हा रिले बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणून त्याच्या मागे कॉन्टॅक्टर हवाच. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की तोडणारा स्विच.

तो आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडेल. घाबरू नका, आणि त्याला बायपास करण्याचा मोह आवरा. वीट ओलसर असते, कृष्णाकाठच्या पावसाळ्यात तर विशेषच. पोकळीत पिवळा १०० वॅटचा बल्ब दोन दिवस जळत ठेवा, दार बोटभर उघडं. मग १०० अंशांवर दोन तास, पुढे ५०-५० अंशांनी चढवत ३०० पर्यंत, वाफ येणं थांबेपर्यंत दार फटीएवढं उघडं, पण दाराचा स्विच वीज तोडणार नाही इतकंच. नंतर रिकामी भट्टी १०५० अंशांवर सातेक तास ठेवा. यात कॅन्थलवर अ‍ॅल्युमिनाचा राखाडी थर चढतो, तीच तिची कातडी. वीस-बावीस युनिट जळतील, पण ही वीज एकदाच लागते.

आता मीटर खरं बोलतंय का ते बघायचं. त्यासाठी माझ्याकडे स्वयंपाकघरातला एक उपाय आहे. खाण्याचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. चिमूटभर मीठ तव्यावर तडतडणं थांबेपर्यंत भाजा, कुटून बारीक करा आणि छोट्या चिनी मातीच्या मुशीत थर्मोकपलच्या टोकाजवळ ठेवा. ७८० वर भट्टी दहा मिनिटं स्थिर होऊ द्या, मग पाच-पाच अंशांनी वर जा, दर वेळी पाच मिनिटं थांबा. पीठ अचानक काचेसारखा थेंब होतं, तो क्षण चुकत नाही. मीटर तेव्हा ७९५ ते ८०५ मध्ये असेल तर देवाला नारळ फोडा. ७६० असेल तर चाळीसचा फरक कुठे गेला ते शोधा, बहुधा केबलमध्येच. मीठ चिमूटभरच घ्या आणि हे एकदाच करा, त्याची वाफ कॉइलला चांगली नाही. काहीजण अ‍ॅल्युमिनियम वितळवून बघायला सांगतात, ६६० अंशांचं. ते वितळतं, पण वरची कातडी आकार धरून ठेवते. सळईने टोचल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर तुम्ही २० अंश पुढे गेलेले असता.

हे झालं की चुंबकाचा तिसरा उपयोग. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला ओळखेनासं होतं, म्हणजे पातं पुरेसं तापत आलं हे चुंबक सांगतं. शेगडीवर काम करताना हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही, पण शेगडीत पात्याचं टोक ९०० आणि मूठ ६०० असते, म्हणून ती चार पाती जायची. भट्टीत पातं सगळीकडे सारखं तापतं, दहातली दहा निघायला हवीत.

जुन्या कानशीपासून पटाशी करणार असाल तर आधी ७५० ला तापवून राखेत रात्रभर गाडा, म्हणजे कानस मऊ होऊन घासता येईल. कानस खरी आहे का ते कोपरा मोडून बघा. आत दाणा बारीक, करडा, सगळीकडे सारखा हवा. स्वस्त कानशी वरूनच कडक केलेल्या असतात, त्यांची पटाशी होत नाही. आकार दिल्यावर ७८० ला दहा मिनिटं, मग कोमट मिठाच्या पाण्यात, धार खाली करून सरळ. बाजूला हलवू नका, वाकेल. गाडीच्या पाट्याची पाती मात्र तेलात द्या, पाण्यात नको. जुनं इंजिन ऑइल शेडमध्ये भरपूर पडलेलं असेल हे मला माहीत आहे, पण त्याचा धूर वाईट. क्वेंचिंग ऑइल आणा, ५० अंशांपर्यंत कोमट करा, ड्रमला झाकण हाताशी ठेवा.

वर खवले धरू नयेत म्हणून पातं लोखंडी डबीत बीडाच्या किसात पुरून तापवा. बीडाचा कीस तुमच्या भागातल्या कुठल्याही टर्निंगवाल्याकडे चहाच्या बदल्यात मिळतो. भट्टीत पडलेले खवले प्रत्येक वेळी ब्रशने काढा, कॉइलवर पडले तर ती तिथे कुजते.

टेंपरिंग, म्हणजे कडक झालेलं पातं पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणं, या भट्टीत करू नका. २०० अंशांवर ही भट्टी रेंगाळत नाही, २६० ला जाऊन परत येते. घरातला ओटीजी ओव्हन २०० वर तासभर लावा, आत वेगळा थर्मामीटर ठेवून, आणि घरात विचारून. पातं उजळवून ठेवलंत तर गवती पिवळा रंग दिसेल, पटाशीला तो पुरे.

प्रश्न : याच पद्धतीच्या भट्टीत मी टेराकोटाचे दिवे भाजले तर चालेल का? सावंतवाडीला माझा छोटा मातीकामाचा उद्योग आहे. — एक वाचक भगिनी

उत्तर : चालेल, ताई, ९०० ते १००० अंशांत दिवे व्यवस्थित भाजतात. पण भट्टी हार्डनिंगवाल्याची उसनी आणू नका, त्याच्या घाईने तुमचे दिवे फुटतील. दिवे सावलीत पूर्ण वाळलेले हवेत. ६०० अंशांपर्यंत तासाला १०० पेक्षा जास्त चढवू नका, ५७३ अंशांवर मातीतला क्वार्ट्झ अचानक फुगतो आणि उतरतानाही तिथेच धक्का देतो. म्हणून गार होताना दार उघडू नका, दिवे बघण्याची कितीही घाई झाली तरी. मातीत भुसा मिसळत असाल तर सुरुवातीला वरचं भोक उघडं ठेवून धूर जाऊ द्या, धुरात कॉइलचं आयुष्य कमी होतं. आणि शेडला दोन बाजूंनी वारा असू द्या.